कोलॅजनच्या पावडरीने गुडघ्यातील गादी भरून येते काय?

सांगली-मिरज परिसरात व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. वयोमानाने अंगातील कोलॅजन आटते आणि गुडघ्यातील गादी झिजते. रोज कोलॅजनची पावडर किंवा पायाचे सूप घेतल्यास ती तीन महिन्यांत भरून येते, तोवर चालणे बंद ठेवावे, असे त्यात म्हटले आहे.

गुडघ्यातील गादीबाबत कोलॅजन ‘आटते’ हे विधानच चुकीचे आहे. या गादीचा, म्हणजे कूर्चेचा, मुख्य धागा ‘टाइप-२’ कोलॅजन हा आहे आणि तो वाढीच्या वयात एकदाच विणला जातो. १९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा, म्हणजे किरणोत्सारी कार्बनचा, माग काढून २०१६ साली डॅनिश संशोधकांनी दाखवून दिले, की प्रौढपणी हे कोलॅजन जवळजवळ बदलतच नाही, मग कूर्चा निरोगी असो वा झिजलेली. सांधा झिजू लागतो तेव्हा कूर्चेतील पेशीच एमएमपी-१३ सारखी विकरे सोडतात, जी हे धागे तोडतात. त्याआधीच पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकन हे प्रथिन कमी होऊ लागलेले असते. बाजेची वीण ढिली पडावी तसे जाळे सैल होते आणि सुरुवातीला कूर्चेत पाणी उलट वाढून ती मऊ पडते. पेशी दुरुस्तीची धडपड करतात, पण मूळची वीण पुन्हा जमत नाही.

पावडर असो वा सूप, पचनात त्यातील कोलॅजनची अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइडे होतात. ती थेट गुडघ्यात जाऊन तुटलेले जाळे विणतात, याला पुरावा नाही. काही चाचण्यांत वेदना थोडी कमी झाल्याचे आढळले, हे मान्य करायला हवे. पण कूर्चेला मज्जातंतूच नसतात, त्यामुळे वेदना कमी झाली म्हणजे गादी भरली असे ठरत नाही.

सर्वांत घातक सल्ला चालणे बंद करण्याचा आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत; भार पडतो आणि सुटतो तेव्हा सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते, आणि बसून राहिल्याने मांडीचे स्नायू अशक्त होतात. हळदीच्या शेतात तासन्‌तास उकिडवे बसून भांगलण करणाऱ्या आमच्या आयाबहिणींनी ती बैठक शक्य तितकी टाळावी, पण सपाट वाटेवरचे चालणे सोडू नये. स्थूल व्यक्तीचे एक किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मात्र गुडघा अचानक सुजून लाल झाला किंवा सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.