तीन पायऱ्यांसाठी अठरा फूट

गेल्या स्वातंत्र्यदिनी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या एका मंडळाने दोन जखमी माजी सैनिकांचा सत्कार केला. त्यांतले एक माझे मामा. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पायावर ते मंचाच्या पायऱ्या सावकाश चढले. दुसरे त्यांच्याच पलटणीतले मित्र, कमरेखाली संवेदना नसल्याने चाकाच्या खुर्चीवर असतात. त्यांना वर नेण्यासाठी वाटच नव्हती, म्हणून पाहुण्यांनी खाली उतरून त्यांना शाल पांघरली आणि नेमके तेव्हाच निवेदक माइकवरून ‘जिद्दीपुढे गगन ठेंगणे’ असे म्हणाले. गगन ठेंगणे असेलही. मंच मात्र साडेतीन फूट उंच होता.

तेव्हापासून ‘जिद्द’ या शब्दाविषयी माझ्या मनात अढी बसली आहे. जिद्द नसते असे मी म्हणत नाही. पण सगळे श्रेय जिद्दीला दिले की आपल्याकडे करण्यासारखे काही उरत नाही, टाळ्या वाजवून घरी जायला आपण मोकळे होतो.

मामांना विचारले की तुम्ही कशामुळे सावरलात, तर ते जिद्दीचे नाव काढत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या जवानाचे काढतात. १९४४ पासून सैनिकांना कृत्रिम अवयव बसवून देणाऱ्या पुण्याच्या केंद्रात ते होते. दिवस चढत जातो तसा स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, आकसतो, कृत्रिम पाय सैल होऊन आतून घासू लागतो, अशा वेळी स्टंपवर आणखी एक मोजा चढवायचा, ही युक्ती त्यांना त्या जवानाने दाखवली. नसलेल्या टाचेला खाज सुटते, हे गावात सांगितले असते तर लोकांनी देवऋषी गाठला असता, वॉर्डात मात्र समोरचा म्हणाला, “माझा तर अंगठा दुखतोय, आणि तो चार महिन्यांपूर्वीच गेला.” दोघेही पोट धरून हसले. मामा म्हणतात, “तिथं सगळेच लंगडत होते, त्यामुळं लंगडणं कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. गावात आलो आणि मी एकटाच लंगडा झालो.”

पदके मिळवलेल्या सैनिकांकडे पाहिले तरी हेच दिसते. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. ते मूळचे मुष्टियोद्धा. उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. नागालँडचे होकातो सेमा यांचा पाय २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाने गेला, गोळाफेकीकडे ते वळले २०१६ मध्ये, पुण्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १४.६५ मीटर फेकीवर कांस्यपदक मिळवले. पाय गेल्यापासून गोळा हाती येईपर्यंतच्या चौदा वर्षांत त्यांची जिद्द काही रजेवर गेली नव्हती.

त्यांच्या एफ-५७ गटात गोळा बसून फेकतात. त्यासाठी लोखंडी चौकट असते, गादीसकट तिची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही, आणि फेकताना ती तसूभरही हलू नये म्हणून चारही बाजूंनी पट्टे आवळून जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधावी लागते. हे काम खेळाडूला स्वतःला करता येत नाही. गोळा एकट्याने फेकायचा असला तरी सरावाला रोज पट्टे आवळणारी दोन माणसे लागतात. खडकीला लष्कराच्या पॅरालिम्पिक केंद्रात ती मिळतात. गडहिंग्लज किंवा भुदरगडच्या एखाद्या वाडीत परतलेल्या जवानाला ती कोण देणार? ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखे नावातच सैन्य मिरवणारे गाव आहे, तिथे हा प्रश्न कुणाला पडू नये याचे मला नवल वाटते.

कोल्हापूरला दुसरीकडून काही शिकावे लागेल असेही नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथेच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर होत्या. आणि तालमी तर आपल्याकडे पेठापेठांत आहेत. तालमीत वस्ताद असतो, मालिश करणारा जोडीदार असतो, सकाळी कुणी आला नाही तर त्याच्या दारात जाऊन हाक मारणारी पोरे असतात. वॉर्डातून घरी आल्यावर माणसाचे जे तुटते, ते जवळजवळ सगळे इथे आयते आहे. बसून मुद्गल फिरवायला पाय लागत नाहीत. (फुटबॉलचा हंगाम असला की ही पोरे तालमीत सापडत नाहीत, तो भाग वेगळा.)

आमच्या तालमीच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. गेल्या रविवारी मामा टेप घेऊन गेले आणि पायऱ्या मोजल्या, सहा-सहा इंचांच्या, म्हणजे एकूण अठरा इंच. खुर्ची चढवायला दर इंच उंचीमागे फूटभर लांबी असा सौम्य उतार धरला तर बांधकाम अठरा फूट लांब जाते, आणि बाराव्या फुटाला गटार आडवे येते. वस्तादांनी बराच वेळ गटाराकडे पाहिले आणि म्हणाले, “सरळ कशाला न्यायचा? भिंतीकडनं वळवून घेऊ की.” खुर्ची वळायला पाच फुटांची मोकळी जागा लागेल, असे मामांचे मित्र रस्त्यावरूनच ओरडून सांगत होते. गवंडी परवा येणार आहे.