बाई, बरं वाटत नाहीये का?

‘शिक्षकांचा व्यावसायिक विकास’ म्हणजे आजवर एकच प्रकार ठाऊक होता. एका मोठ्या सभागृहात कुणीतरी येऊन, व्याख्यान पद्धत कालबाह्य झाली आहे, हे सलग तीन तास व्याख्यान देऊन पटवायचं. त्यामुळे ‘यंदा प्रशिक्षणं बंद, प्रत्येकीने आपापल्या वर्गात कृतिसंशोधन करायचं’ असं मोठ्या बाईंनी जाहीर केलं, तेव्हा स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. ‘अहवाल’ हा शब्द त्यांनी टाळ्या थांबल्यावर उच्चारला.

कृतिसंशोधन म्हणजे आपल्याच वर्गातली एखादी अडचण निवडायची, काहीतरी बदलून पाहायचं आणि काय घडलं ते नोंदवायचं. हे नाव रूढ केलं कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने, १९४६ च्या सुमारास. पुढे लॉरेन्स स्टेनहाउस या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाने १९७५ मध्ये आग्रह धरला की शिकवण्याचं संशोधन बाहेरच्यांवर सोडू नये, ते शिक्षकाने स्वतः करावं. मला हे शंभर टक्के मान्य आहे. फक्त तो शिक्षक शेजारच्या वर्गावरचा असावा.

विषय भराभर आले. मुलींचा आळस. मुलींचं अशुद्धलेखन. मुलींची बडबड. मोठ्या बाईंनी प्रत्येक कागदावरचा ‘मुलींचा’ खोडून ‘माझा’ लिहिलं आणि कागद परत केले. ‘माझी बडबड’ हा माझ्या वाट्याला आला.

मिश्र शाळेत एक सोय असते. मुलगे आधी ओरडतात म्हणून मुली गप्प बसतात, असं म्हणता येतं. आमच्याकडे मुलगेच नाहीत, तरी उत्तरं देणाऱ्या चारपाचजणी ठरलेल्या आणि बाकीच्या वहीच्या समासात वेलबुट्टी काढणार. दोष द्यायला वर्गात मी एकटीच उरत होते.

मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद! मला वाटलं, एवढं तर झोपेतही जमेल. (झोपेतच जमतं, असं घरच्यांचं मत आहे.)

मोठ्या बाईंनी मदत मात्र मनापासून केली. निरीक्षणासाठी गणिताच्या बाई माझ्या वर्गात बसाव्यात आणि नंतर आम्हाला बोलता यावं, म्हणून दोघींचे ऑफ तास जुळवून दिले. वेळापत्रक लावणाऱ्या बाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

मुलींची संमती घेतली. अहवालात कुणाचंही नाव येणार नाही म्हटल्यावर ‘मग काय उपयोग?’ असा सूर निघाला. गणिताच्या बाई स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. मी विचारलं, “वारा का वाहतो?” आणि तोंड मिटलं.

एक. नेहमीचे हात वर. दोन. घशात उत्तर येऊन बसलेलं. “बाई, बरं वाटत नाहीये का?” पहिल्या बाकावरून पाण्याची बाटली आली. “विसरलात का? मी सांगू?” अशी हलक्या आवाजात विचारणाही झाली.

आणि मग समासात वेली काढणारी एकजण मान वर न करताच म्हणाली, “गरम हवा वर गेली की तिची जागा रिकामी नसेल राहत.”

मला इतका आनंद झाला की “शाब्बास! म्हणूनच…” म्हणत उरलेला अख्खा धडा मीच सांगून टाकला. गणिताच्या बाईंच्या वहीत त्या जागी लाल रेघ होती. उत्तर आल्यानंतरही थांबायचं असतं, हेही त्याच रो बाईंनी सांगून ठेवलंय.

मुलींना हा प्रकार फारच आवडला. आठवड्याभरात माझ्या टेबलावर एक कागद आला. बाई एका तासात ‘कळलं का?’ किती वेळा म्हणतात, याच्या नोंदी, स्तंभालेखासकट. शिवाय प्रत्येक वेळी किती जणींना खरंच कळलं होतं, याचा वेगळा स्तंभ. माझ्या अहवालापेक्षा तो नीटनेटका होता. तळाशी संमतीसाठी रेघ आखलेली. बाईंचं नाव कुठेही येणार नाही, असं आश्वासनही दिलेलं.

मी सही केली. आता त्यांना गणिताच्या तासाचा अभ्यास करायचा आहे आणि स्टॉपवॉच हवंय. ते ज्यांच्याकडे आहे, त्या बाईंना सध्या ते सापडत नाहीये.