टीडीएस मीटरचा आकडा आणि नळाचं ‘विष’

‘नळाच्या पाण्याचा टीडीएस ३०० च्या वर असेल तर ते पाणी नव्हे, हळूहळू भिनणारं विष आहे. भांड्यात जमतो तो दगड पोटातही जमतो. केस गळतात ते यामुळेच. टीडीएस ५० च्या खाली आणा.’ असा मजकूर आणि खाली दोन ग्लासांचा व्हिडिओ. (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये.) हे फॉरवर्ड माझ्याकडे इतक्या वेळा आलंय की आता एकदाच नीट उत्तर लिहून टाकतो.

मजकुरापेक्षा व्हिडिओलाच लोक जास्त घाबरतात, म्हणून आधी तोच. एका ग्लासात आरओचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. दोन्हीत सळ्या बुडवून वीज सोडतात. मिनिटभरात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ तरंगतो, आरओचं पाणी जसंच्या तसं. हा गाळ पाण्यातला नाहीच, सळीतला आहे. वीज वाहिली की लोखंडी सळी झिजते आणि लोहाचं हायड्रॉक्साइड तयार होतं. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य असल्यामुळे वीज वाहतच नाही आणि सळी शाबूत राहते. प्रयोग दाखवणाऱ्याला त्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तोच गाळ तिथेही येईल.

आता ‘३०० म्हणजे विष’. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. ते क्षार कुठले, हे त्याला कळत नाही. बहुतेक वेळा कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट असलीच मंडळी असतात. जागतिक आरोग्य संघटना ६०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतचं पाणी साधारणपणे चवीला चांगलं आणि १००० च्या वरचं बेचव मानते. लक्षात घ्या, बोलणं चवीचं चाललंय. युरोपात तर बाटलीवर ‘खनिजांनी समृद्ध’ असं छापायचं असेल तर क्षार १५०० च्या वर असावे लागतात.

उलट ज्याची खरोखर भीती बाळगावी, ते या मीटरला दिसत नाही. आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. ते दहापट झालं तरी काटा हलणार नाही. जिवाणूंचं तर नावच नको. मीटरवर ८० दाखवणारं पाणी आजारी पाडू शकतं आणि ५०० चं निर्धोक असू शकतं. बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ५० च्या वर जाऊ शकतं, ही भीती अगदी रास्त आहे. पण त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

मूतखड्याचा मुद्दा वरवर पटतो, म्हणून जास्त चिवट. भांड्यात खर जमते ती पाणी तापवल्यामुळे: उष्णतेने विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं आणि न विरघळणारा कार्बोनेट खाली बसतो. पोटात कोणी पाणी उकळत नाही. बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत (१९९३) आहारात कॅल्शियम जास्त असणाऱ्यांना खडे कमी झालेले दिसले. खड्याला खरं निमंत्रण पाणी कमी पिण्याने मिळतं. म्हणजे हे फॉरवर्ड वाचून कोणी पाणी पिणं कमी केलं, तर झालंच!

केसांचं अर्धं खरं आहे. जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्यात, साबणाचा चिकट साका होतो, तो केसांवर राहतो, केस राठ लागतात. पण राठ होणं वेगळं आणि मुळापासून गळणं वेगळं. त्वचेबद्दल सांगायचं तर इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर चाचणी झाली. निम्म्या घरांत पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं. २०११ मध्ये निष्कर्ष आले: इसबात फरक नाही.

‘टीडीएस जितका कमी तितकं चांगलं’ म्हणणाऱ्यांनी स्कॉटलंडमधलं ग्लासगो आठवावं. तिथलं लॉख कॅट्रिन तळ्याचं पाणी इतकं मऊ की शिशाच्या नळांतलं शिसं त्यात उतरायचं. शेवटी त्यात चुना आणि पुढे फॉस्फेट मिसळावं लागलं.

जड पाण्याचा त्रास खोटा नाही, फक्त तो शरीरापेक्षा घरातल्या वस्तूंना होतो. गिझरच्या कॉइलवर थर चढला की पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि शेवटी कॉइलच जळते. शॉवरची भोकं बुजतात, काचेवर पांढरे डाग राहतात. सायट्रिक अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर लावलं की ही खर फसफसून सुटते. त्याच फॉरवर्डच्या शेवटी तुरटी फिरवायचा सल्ला असतो. तुरटी गढूळपणा खाली बसवते, जडपणा काढत नाही. धुण्यापुरतं पाणी मऊ करायचं तर धुण्याचा सोडा उपयोगी.

सगळ्या घराचं पाणी मऊ करणारं यंत्र कॅल्शियम घेतं आणि सोडियम देतं. १०० मिलिग्रॅम जडपणा गेला की लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम आलं, म्हणून मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाने पिण्याचा नळ यंत्राच्या आधीच काढावा. यंत्रातून आलेल्या पाण्याला भरपूर फेस येतो, खर बसत नाही. त्यात टीडीएस मीटर बुडवून बघा: आकडा जवळजवळ होता तिथेच असतो.