साडेसतराशे केव्हीची मोटर

माझी सत्तावीस वर्षं वीजपुरवठ्याच्या नोकरीत गेली. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, हे माझ्या हाडीमाशी खिळलंय. अकरा केव्हीच्या फीडरवर हात घालायचा तर आधी परमिट, मग अर्थिंग, मग कुलदैवताचं नाव. ७६५ केव्हीच्या वाहिनीखालून जाताना मी अजूनही गाडीची काच वर करतो. (काचेने काही होत नाही. मला माहीत आहे.) अशा माणसाला त्याचा एकोणीस वर्षांचा भाचा रविवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगतो, "मामा, ड्रोनला मोटर साडेसतराशे केव्हीच्या घे."

चमचा माझ्या हातातच राहिला.

"म्हणजे सहा सेलवर जाणार असशील तर," त्याने खुलासा केला. "चार सेल असतील तर चोवीसशे."

बॅटरी लहान तर केव्ही जास्त! माझा अनुभव त्या क्षणी सेवानिवृत्त झाला. मला अजून चार वर्षं आहेत.

हे सगळं दिवाळीत सुरू झालं. भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणं झाल्यावर भाच्याने मला गच्चीवर नेलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांवर एक डबा बांधला. स्वतःच्याही बांधला. दोन्ही डब्यांवर एकच चॅनेल. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून त्याचा ड्रोन उठला आणि त्याच्या नाकावरच्या कॅमेऱ्याला जे दिसत होतं, ते थेट मला दिसायला लागलं. चिंचेच्या दोन फांद्यांमधून मी सुर्रकन निघालो. पाण्याच्या टाकीशी आलो तेव्हा मी खरोखर मान खाली घातली. गॉगल काढला तेव्हा खुर्चीचे दोन्ही हात माझ्या मुठीत होते आणि बहीण विचारत होती, "दादा, चक्कर येतेय का?" चक्कर नव्हती. पन्नाशी उलटल्यावर माणसाला जे होऊ नये असं सांगतात, ते झालं होतं.

"एवढंच आवडलं असेल तर तयार आणा की एखादा," घरी आल्यावर बायको म्हणाली. तिला मी कायदा समजावला. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचा तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण वगैरेंना तेवढी सूट. सुटे भाग मात्र खुशाल आणा, त्यांना परवानगी लागत नाही. म्हणजे लाडू आणायला बंदी. बेसन, तूप, साखर आणा आणि घरी वळा. "लाडू तुम्हाला कधी वळता आलेत?" असं ती म्हणाली. तो प्रश्न तेव्हाच गंभीरपणे घ्यायला हवा होता.

सुट्या भागांची यादी दिसायला साधी असते. फ्रेम, चार मोटर, त्यांना वीज मोजून देणारा ईएससी, सगळ्यांवर हुकूम चालवणारा फ्लाइट कंट्रोलर, रिसीव्हर, कॅमेरा, चित्र पाठवणारा व्हीटीएक्स, अँटेना, बॅटरी, पंखे. दहा वस्तू. लग्नाच्या याद्या केलेला माणूस आहे मी, दहा वस्तूंना घाबरत नाही. पण यादीतली एकही वस्तू स्वतःच्या पायावर उभी नसते. मोटर कुठली? बॅटरी सांगेल. बॅटरी किती सेलची? मोटर सांगेल. दोघींना विचारायला जावं तर पंखा किती इंची ते आधी ठरवा म्हणतात. पंख्याला विचारलं तर फ्रेमकडे बोट. सरकारी कार्यालयात मी उभं आयुष्य काढलं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर लोकांना पाठवणं काय असतं, हे मला टेबलाच्या या बाजूने प्रथमच कळलं.

तेव्हा फ्रेमपासून सुरुवात केली. "पाच इंची घे," भाचा फोनवर म्हणाला. पाच इंच म्हणजे तळहाताएवढा, कपाटात राहील, बायकोला दिसणारही नाही, असा माझा हिशेब. पार्सल उघडलं तर परातीत मावेना. पाच इंच हा पंख्याचा व्यास असतो, आणि असे चार पंखे. बॅटरीसकट वजन सातशे ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हा 'मायक्रो'. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो. हौसेपुरता उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. सरकारी नकाशात उडवायला मोकळा असलेला हिरवा झोन मात्र बघावा लागतो. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे तो नकाशा जपून बघावा.

त्याआधी फ्रेमच्या आकाराचा प्रसंग घडला होता. रात्री जेवताना भाच्याचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. "मामा, तुला डेड कॅट हवी की एक्स?" आईचा घास हातात राहिला. "मेलेली मांजर कशाला हवीय तुला?" आमच्या घरी मांजर आडवी गेली तरी पाच पावलं मागे जातात. पुढचे दोन हात बाहेर फाकवलेल्या फ्रेमला त्या मंडळींत असं म्हणतात, म्हणजे पंखे कॅमेऱ्याच्या आड येत नाहीत, हे मी आईला वरणभातावर पटवून दिलं. तिने ऐकलं आणि "तरी नको" म्हणाली. एक्स घेतली. या अख्ख्या खरेदीत वाद न होता झालेला हा एकमेव निर्णय.

मग मोटरीचा आकडा: २२०७. हा पिनकोडचा तुकडा नव्हे. आतल्या स्थिर भागाचा व्यास २२ मिलिमीटर, उंची ७. शेजारीच २३०६ असते, थोडी रुंद आणि बसकी. या दोहोंतली कुठली बरी, यावर मी जितकं वाचलं तितकं खात्याच्या परीक्षेलाही वाचलं नव्हतं. आणि यांचा केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, एवढंच निघालं. भरलेली सहा सेलची बॅटरी २५.२ व्होल्ट. गुणिले १७५०. मिनिटाला ४४,१०० फेरे, तेही पंखा नसताना. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर २,९००च्या आत फिरते, तरी चेअरमनना तिचा आवाज सहन होत नाही.

बॅटरीवर लिहिलं होतं १३०० एमएएच, म्हणजे १.३ अँपिअर-तासांचा साठा, आणि १०० सी, म्हणजे त्याच्या शंभर पट प्रवाह एका वेळी देईल. हा गुणाकार मला नवा नव्हता: १३० अँपिअर. आमच्या आख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच १०० अँपिअरचा आहे. मी भाच्याला घाबरून फोन केला.

"अरे, ते खरं नसतं मामा. सगळेच फुगवून लिहितात."

म्हणजे स्थळाच्या पत्रिकेतला पगार. मग खरा किती धरायचा? तर ते वापरूनच कळतं. पत्रिकेचंही तसंच असतं. शिवाय या बॅटरीचे लाड आहेत. भरून ठेवली तर फुगते, रिकामी ठेवली तर मरते, सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवली की समाधानी. आग लागू शकते म्हणून चार्ज करताना लक्ष ठेवायचं आणि न जळणाऱ्या भांड्यात ठेवायची. मी आईची काठाला टवका उडालेली लोणच्याची चिनी मातीची बरणी माळ्यावरून काढली. इतकं करून उड्डाण किती वेळ? चार-पाच मिनिटं. मी हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

पण खरी कसोटी चित्राची. अॅनालॉग की डिजिटल? डिजिटलचं चित्र आरशासारखं आणि किंमतही तशीच, तोंड बघायला लावणारी. अॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की चित्रावर मुंग्या येतात. भाचा हे फार वाईट असल्यासारखं सांगत होता. त्याला काय कल्पना! वडील गच्चीवर अँटेना फिरवतायत, मी जिन्यात, बहीण टीव्हीसमोर, आणि "आलं का?", "आलं!", "गेलं!", "आता?" ही साखळी. छायागीत आम्ही मुंग्यांमधूनच बघितलं. मी अॅनालॉग घेतलं. बायकोला वाटलं मी पैसे वाचवले. तिला तसंच वाटू दिलं.

अँटेनाचा मात्र नवा अध्याय निघाला. या छत्रीसारख्या अँटेना दोन जातींच्या: एकीची लहर उजवीकडे वळत जाते, एकीची डावीकडे. मला एकदम धीर आला. सोंडेचा प्रश्न आहे हा! उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक असतं. इथे डाव्याचंही तितकंच कडक. ड्रोनवर उजवी असेल तर गॉगलवरही उजवीच. एक इकडे, एक तिकडे झाली की जवळ असतानाच मुंग्या. मी दोन्हीकडे उजव्या घेतल्या. आल्या, हाताने फिरवून बसवल्या, आटे झकास जुळले आणि गॉगलमध्ये अंधार. बाहेरचे आटे सारखेच असतात, पण एका प्रकारात मधोमध पिन असते आणि दुसऱ्यात त्या जागी भोक. माझ्याकडे भोकासमोर भोक आलं होतं. शिवाय व्हीटीएक्सला अँटेना न लावता वीज दिली तर तो स्वतःच्याच उष्णतेने जळतो. अँटेना असून नसल्यासारखी असली तरी त्याच्या दृष्टीने ती नसतेच. मी अर्ध्या मिनिटात वायर उपटली म्हणून निभावलं.

गॉगल निवडताना एक अडचण आली, तिचा कुठल्याच व्हिडिओत उल्लेख नव्हता, कारण ते करणारे सगळे पंचविशीच्या आतले. माझा चष्मा. बारीक देखण्या गॉगलांत चष्मा मावत नाही, वेगळी नंबरची भिंगं बसवावी लागतात. नेत्रतज्ज्ञ म्हणाले, "काम कसलं आहे? जवळचं की लांबचं?" मी म्हटलं, "पडदा दोन इंचांवर आहे, पण त्यात चिंचेचं झाड दिसतं." त्यांनी माझा बीपी बघितला. शेवटी चष्म्यासकट आत जाता येईल असा खोक्यासारखा गॉगल घेतला. तो लावून मी वेल्डरसारखा दिसतो.

फ्लाइट कंट्रोलरवर फार बोलत नाही. एफ ४०५, एफ ७२२, एच ७४३ ही प्रोसेसरांची नावं. मला स्वारगेटवरच्या फलाटाची आठवण झाली आणि मी मधली गाडी पकडली. कंट्रोलर बसवायची भोकं साडेतीस मिलिमीटरवर असतात किंवा वीसवर. मी वीसवाला मागवला, फ्रेम साडेतीसची. परत पाठवला. कुरिअरचा मुलगा आता आम्हाला काका-काकू म्हणतो.

विजेचे झटके झेलणारा कपॅसिटर तेवढा मी छातीठोकपणे आणायला गेलो, कारण ती वस्तू माझ्या ओळखीची. तपकीर गल्लीत दुकानदाराला म्हटलं, हजार मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, लो ईएसआर (आतला रोध कमी). त्याने चष्म्यावरून बघितलं. "कशाला लावायचाय?" "ड्रोनला." "पंख्याला लावायचा असता तर लगेच दिला असता," तो म्हणाला. चार पंखे आहेत, हे मी सांगितलं नाही.

वैशाखात सगळं जमलं. भाचा दोन दिवस राहायला आला, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, फ्लक्सच्या वासाने घराचा वर्कशॉप झाला. मोटरी बसवताना एका मोटरीच्या चार स्क्रूंची पुडी सापडेना. टेबलाखाली बघितलं, केरात बघितलं. शेवटी माझ्या जुन्या स्क्रूंच्या डब्यातून तसेच चार काढले. तेच आटे, तेच डोकं, जरा लांब असतील. स्क्रूच तो, त्यात काय निवडायचं?

पहिल्यांदा वीज देताना मात्र मी भाच्याला थांबवलं. नव्या वायरिंगला मी कधी थेट सप्लाय देत नाही. आधी सिरीज बल्ब. बॅटरीच्या मार्गात ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्टचा बल्ब जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर तो पेटेल, बाकीचं वाचेल. "मामा, याला आमच्यात स्मोक स्टॉपर म्हणतात, विकत मिळतो," भाचा म्हणाला. सहा महिन्यांत मला ठाऊक असलेली पहिली गोष्ट, आणि तिचंही नाव बदललेलं!

पंखे काढून ठेवलेले. लॅपटॉपवर बीटाफ्लाइट हे ड्रोन जुळवायचं सॉफ्टवेअर उघडलं. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला. पहिल्या मोटरीचा स्लायडर हळूच वर, फिरली. दुसरी फिरली. तिसरी. चौथी एकदा आचके देऊन थांबली आणि बल्ब भक्कन पेटला. टेबलावरच्या कोशिंबिरीवर सुद्धा उजेड पडला. भाच्याने वायर ओढली.

मल्टिमीटर काढला. एक टोक चौथ्या मोटरीच्या वायरला, दुसरं तिच्या स्क्रूच्या डोक्याला. टीऽऽ. स्क्रू काढला आणि पट्टीवर ठेवला. दहा मिलिमीटर. फ्रेमचा हात पाच मिलिमीटर जाड, मोटरीच्या तळात जागा तीनची. उरलेले दोन मिलिमीटर मी पिळून पिळून, वर कडक बसावा म्हणून अर्धा फेरा जादा देऊन, थेट तांब्याच्या गुंडाळीत घातले होते. भिंगातून बघितलं तर एका तारेवरचं लाखेचं आवरण खरवडून तांबं चमकत होतं, तिळाएवढं. केव्ही, सेल, सोंड, साडेतीस, सगळं जुळवलं होतं, आणि स्क्रू हातात येईल तो!

"एकच मोटर मागवू," भाचा म्हणाला आणि फोनवर बोट फिरवता फिरवता गप्प झाला. ती मोटर आता येत नाही. तिची नवी आवृत्ती आलीय, १९५० केव्हीची. तीन जुन्या आणि एक नवी चालेल का? नाही चालणार. चारही नव्या घ्यायच्या तर या केव्हीला हीच बॅटरी बरी की पाच सेलची, ते बघावं लागेल. पाच सेल घेतली तर पंखा... मी वहीचं नवं पान उघडलं.

एवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. तिच्या तळहातावर पारदर्शक पुडी होती, आत चार स्क्रू, मोजून आठ मिलिमीटरचे. "बरणीच्या तळाशी होती," ती म्हणाली. "तुझ्या बॅटऱ्या मी कोनाड्यातल्या फरशीवर काढून ठेवल्यात. उद्या कैऱ्या येतायत. त्यांच्यासाठी दुसरं स्थळ बघ."