तीसचा बोर्ड, कोपऱ्यावरचा टेम्पो आणि तो फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, सोसायटीच्या, शाळेच्या, आमच्या दहावीच्या बॅचच्या आणि (हे काही कळलं नाही) योगासनांच्या. तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात म्हणणं असं की शहरात आतल्या रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आणि कोपऱ्यांवर नो-पार्किंग हा सगळा दंड गोळा करायचा धंदा आहे, अपघात वेगाने नाही खड्ड्यांनी होतात, ३० ने चालवलं तर पुणं ठप्प होईल, रोड टॅक्स भरलाय म्हणजे घरासमोर गाडी लावायचा हक्क आहे, नो-पार्किंगने दुकानदार मरतील, आणि ही परदेशी फॅडं आपल्याकडे चालत नाहीत, त्यापेक्षा दोन स्पीडब्रेकर टाका. शेवटी हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’. आमच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या काकांनी टाकला आणि खाली अठ्ठावीस अंगठे. काका, तुमच्याबद्दल आदर आहे, गणपतीत वर्गणीचा हिशोब तुमच्याइतका चोख कुणी ठेवत नाही, पण ह्या मेसेजचा हिशोब चुकलाय.

आधी आमचा कोपरा सांगतो. गल्ली जिथे शाळेच्या रस्त्याला लागते तिथे डाव्या हाताला एक छोटा टेम्पो कायम उभा असतो, कुणाचा ते सगळ्यांना माहितीये, कुणी बोलत नाही. माझी आई भाजी घेऊन परत येते तेव्हा तिथे ती आधी पिशवी पुढे काढते, मग मान, मग स्वतः. पिशवी दिसली की बाइकवाला दचकेल असा तिचा हिशोब. तिसरीतली पोरं तर टेम्पोच्या मागे दिसतच नाहीत, एकदम रस्त्यावर उगवतात.

आता ह्या कोपऱ्यावर साधं गणित करू, शाळेतलंच. समोर कुणी आलं हे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत माणसाला साधारण एक सेकंद लागतो, तोही फोन बघत नसेल तर. ताशी ३० ने त्या सेकंदात गाडी ८ मीटरच्या थोडी पुढे जाते, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरमध्ये उभी राहते. एकूण १३ च्या आसपास. ताशी ५० ने त्याच एका सेकंदात गाडी जवळपास १४ मीटर गेलेली असते. म्हणजे ३० ची गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे ५० वाल्याने अजून ब्रेकला पायही लावलेला नाही, तो पूर्ण ५० ने येऊन आदळतो. मला स्वतःला हे पहिल्यांदा कागदावर मांडून बघितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, दोनदा केलं. आणि त्यात तो टेम्पो असा उभा की माणूस दिसतोच सात-आठ मीटरवर, तिथे ३० सुद्धा जास्त आहे. म्हणून स्पीड लिमिट आणि पार्किंग ह्या दोन वेगळ्या कटकटी नाहीत. एकीने थांबायला लागणारं अंतर कमी होतं, दुसरीने दिसायचं अंतर वाढतं. मेसेजमध्ये हे कुठेच नाही, सगळा पैशाचा विषय करून ठेवलाय.

बरं, खड्डे. खड्ड्यांवर माझाही राग आहे, माझी स्कूटर दोनदा रिम वाकवून घेऊन आलीये. पण केंद्राच्या परिवहन मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल काढून बघा, त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली खड्ड्यांच्या खाती १,८५६, आणि अतिवेगाच्या खाती ७१ टक्के. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, हे ७१ मला सुद्धा जरा फुगलेले वाटतात, कारण पोलिसाला पंचनाम्यात ‘भरधाव वेगाने’ लिहिणं सगळ्यात सोपं, रस्त्याचं डिझाइन चुकलंय असं कोण लिहिणार. पण समजा निम्मं सोडून दिलं तरी ते खड्ड्यांच्या तीसपट होतंय. आणि त्याच वर्षी पायी चालणारेच ३२ हजारांवर गेलेत, ते काही खड्ड्यात पडून नाही. शिवाय खड्डा आणि वेग हे सख्खे भाऊ आहेत हो, पंचवीसने खड्ड्यात गेलात तर कंबर दुखते, साठने गेलात तर माणूस हँडलवरून पुढे. खड्डे बुजवा म्हणून भांडूच की, पण ते बुजेपर्यंत पोरांनी काय करायचं?

‘पुणं ठप्प होईल’ ह्यावर तर मला हसूच आलं, कारण पुणं सुरू कधी होतं? टॉमटॉम ह्या वाहतुकीची आकडेवारी काढणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या यादीत १० किलोमीटर जायला पुण्यात सरासरी ३३ मिनिटं लागतात, जगात चौथा नंबर आलाय आपला. भागाकार करा, ताशी १८. जो माणूस दिवसभरात सरासरी १८ ने चाललाय त्याला ३० ची मर्यादा अडवणार कशी? अडवते ती दोन सिग्नलच्या मधली उसळी, म्हणजे हिरवा दिसला की ५५ ला नेऊन पुढच्या लालला करकचून ब्रेक मारायचा ती. आणि अडवते रात्रीचं सुसाट जाणं. कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले ते काही एक्स्प्रेसवेवर नव्हते, शहरातल्या रस्त्यावर होते. तिथे दारू होती, वय होतं, सगळं होतं, मान्य, बोर्ड लावून ती पोर्शे थांबली नसती हेही मान्य, मी फक्त एवढंच म्हणतोय की ‘आतल्या रस्त्यावर काय वेग असतो’ हे वाक्य पुण्यात तरी कुणी बोलू नये. वेळेचं म्हणाल तर घरापासून मेन रोडपर्यंतचे २ किलोमीटर ३० ने चार मिनिटात होतात, ५० ने, तेही वाटेत कुणी आडवं आलंच नाही असं धरून, दोन मिनिटं चोवीस सेकंदात. वाचले दीड मिनिट. कोपऱ्यावर चहा सांगितला तर कप हातात यायला ह्याहून जास्त लागतं.

आता रोड टॅक्स. गाडी घेताना आपण जो वन-टाइम टॅक्स भरतो तो राज्य सरकारकडे जातो, आणि गल्लीतला रस्ता महापालिका करते, तिच्या बजेटमधून, ज्यात गाडी नसलेल्या माणसाचाही मिळकतकर आहे. माझ्या आईने आयुष्यात गाडी चालवली नाही, मिळकतकर मात्र मे महिन्यातच भरते, सवलत जाऊ नये म्हणून. मग रस्ता तिचा किती आणि टेम्पोचा किती? आणि टॅक्स भरला तो गाडी चालवायचा, उभी करून ठेवायचा नाही. एक गाडी लावायला अडीच बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे १३५ स्क्वेअर फूट, एवढी खोली पेठेत कुणी फुकट देईल का? आपण मात्र रस्त्यावर ती जन्मभर फुकट मागतोय, वर हक्क म्हणून. जपानमध्ये १९६२ पासून कायदाच आहे, गाडी ठेवायची जागा आधी दाखवायची. आपल्याकडे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक असंच काहीतरी बोलले तेव्हा आमच्या ह्याच ग्रुपवर तीन दिवस धुळवड चालली होती.

पी-वन पी-टू ची, म्हणजे सम तारखेला एका बाजूला आणि विषमला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या पद्धतीची, चेष्टा करणाऱ्यांसाठी एवढंच, सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधे दोन मीटर उरतात, आणि अग्निशमनचा बंब अडीच मीटर रुंद असतो. बाकी तुम्हीच ठरवा.

दंडवसुलीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. मला स्वतःला एकदा असं चलान आलंय की बोर्ड गुलमोहराच्या मागे आणि कॅमेरा उताराच्या पायथ्याशी, अशा जागी कुणीही सापडेल. खरं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ सरळ सांगतं की मर्यादा ठरवायची ती सार्वजनिक सुरक्षा, सोय किंवा रस्त्याचं स्वरूप बघून, नोटिफिकेशन काढायचं आणि बोर्ड लावायचा. बोर्ड दिसलाच नाही तर लोक चिडणारच. पण ह्यावर उत्तर ‘मर्यादा नको’ हे नाही ना, उत्तर आहे दंड लागूच नये असा रस्ता. कोपऱ्यावर चार बोलार्ड, म्हणजे गाडी शिरू नये म्हणून लावतात ते बुटके खांब, ठोकले की तिथे टेम्पो लागूच शकत नाही, टोइंगवाला नको, पावती नको, वादावादी नको. फूटपाथ कोपऱ्याशी थोडा पुढे काढला, झेब्रा फूटपाथच्या उंचीला आणला, की गाडी आपोआप हळू होते. ह्यातून महापालिकेला रुपया मिळत नाही. ज्याला वसुलीच करायचीये तो हे कशाला करेल?

आणि नुसत्या बोर्डावर माझाही विश्वास नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या मध्यवस्तीत ताशी २० मैलाची मर्यादा आणली ती जवळजवळ फक्त बोर्ड लावून, आणि २०२२ मध्ये तिथल्याच क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या लोकांनी अभ्यास करून सांगितलं की फारसा फरक पडला नाही. हे उदाहरण काकांच्या मेसेजमध्ये असतं तर मी जरा गप्प बसलो असतो.

परदेशी फॅड म्हणाल तर परदेशातही लोकांनी हीच बोंब मारली होती. वेल्सने १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांवर सरसकट २० मैल, म्हणजे ताशी ३२ केलं, तर जेमतेम ३१ लाख वस्तीच्या त्या देशात विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांवर सह्या. मग सरकारने काय केलं, मर्यादा गुंडाळली नाही, पण कुठला रस्ता परत ३० मैलावर न्यायचा हे स्थानिक काउन्सिलने लोकांशी बोलून ठरवावं असं २०२४ मध्ये सांगितलं. मला हे आवडलं, कारण आमच्या शाळेचा रस्ता आणि सातारा रोड ह्यांना एकच माप लावा असं कोण म्हणतंय. फिनलंडची राजधानी हेलसिंकीत निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० आहे आणि जुलै २०२५ पर्यंतच्या सबंध वर्षात तिथे रस्त्यावर एकही माणूस गेला नाही, अर्थात तिथे बस आणि ट्राम धड आहेत हेही त्यात आलं. पण मला जास्त पटतं ते न्यू जर्सीतलं होबोकन, आपली बरीच मराठी मंडळी त्या बाजूला असतात, विचारा त्यांना. साठेक हजार वस्ती, दाटीवाटी, पार्किंगची मारामारी आपल्यासारखीच. तिथे कोपऱ्यांवरच्या गाड्या हटवल्या, म्हणजे आमच्या टेम्पोची जागा असते नेमकी तीच जागा मोकळी ठेवली, वेगही कमी केला, आणि जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून जास्त काळ रस्त्यावर एकही मृत्यू नाही.

दुकानदारांचं ऐकून घ्यायलाच पाहिजे, पण लक्ष्मी रोडला सकाळी दहाला जाऊन बघा, दुकानासमोर पहिल्या गाड्या कुणाच्या लागतात. मालकाची आणि नोकरांच्या. त्या रात्री साडेनऊला हलतात. मग गिऱ्हाईक तीन चकरा मारून वैतागून जातं आणि खापर नो-पार्किंगवर. २०२१ पासून ११ डिसेंबरला त्याच रस्त्यावर पादचारी दिन होतो, गाड्या बंद, लोक मधोमध चालतात, त्या दिवशी दुकानं काही ओस पडत नाहीत. तासावर पैसे लावले तर जागा फिरती राहते, हे महापालिकेलाही कळतं, मार्च २०१८ मध्ये तशी पार्किंग पॉलिसी मंजूर झाली होती, मग आंदोलनं, मग पाच रस्त्यांवर प्रयोग करू असं ठरलं, आणि मग आपण सगळे विसरलो.

राहिला स्पीडब्रेकर. हा आपला लाडका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मापाने तो ३.७ मीटर लांबीचा, मधे १० सेंटिमीटर उंच असा पसरट उंचवटा हवा, म्हणजे २५ ने गाडी आरामात जाते. आपल्याकडे जो असतो तो हातभर रुंद आणि वीतभर उंच, नगरसेवकाच्या कृपेने एका रात्रीत उगवलेला, पट्टे नाहीत, आणि त्यावरून पहिली आपटते ती रिक्षात बसलेली सात महिन्यांची गरोदर बाई. मापात करा, जरूर करा, झेब्राच्या आधी करा. पण टेम्पो तिथेच राहिला तर स्पीडब्रेकरनेही आई दिसणार नाही.

आणखी एक. पार्किंगचा असा बदल करायचा असला की पुण्यात वाहतूक शाखा आधी तात्पुरता आदेश काढते, पेपरात ‘कलम ११५, ११६ (१)(ए)(बी), ११६ (४) आणि ११७ अन्वये’ असं काहीतरी भयंकर छापून येतं आणि आपण पान उलटतो. त्याच्या खाली लिहिलेलं असतं की सूचना-हरकती लेखी द्या, येरवड्याच्या ऑफिसचा पत्ता असतो, मुदत असते. तिथे अठ्ठावीस अंगठे चालत नाहीत, कागद लागतो. मी काल दिला. आमच्या गल्लीच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर बोलार्ड लावा, आणि तीसचा बोर्ड गुलमोहराच्या अलीकडे लावा, एवढंच लिहिलंय. काका, तुमची हरकत असेल तर तीही खुशाल लिहा, मी त्या बाजूला जाणारच आहे परत, तुमचा कागद पण देऊन येईन.