एप्रिलच्या बिलातल्या तीन चाचण्यांबद्दल

नमस्कार ताई,

आमच्या वृद्धाश्रमाबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. एप्रिलच्या बिलात न विचारता कोरोना चाचण्यांचे २,४०० रुपये लावले, आईंच्या नाकात विनाकारण तीनदा काडी घातली, आणि एवढं करूनही कोरोना झालाच, असं तुम्ही म्हणता. आईंच्या तब्येतीचं चारचौघांत लिहिणार नाही, ते फोनवर बोलू.

आधी पैशांचं. न विचारता लावले, हे खरं आहे. राज्य सरकारने २०२१च्या मार्चअखेरीस घरी येऊन स्वॅब नेण्याचा आरटी-पीसीआरचा, म्हणजे लॅबमधल्या पक्क्या चाचणीचा, दर ८०० रुपये केला, तोच तीनदा लागलाय. आमचा त्यात एक रुपयाही नाही. पण त्या आठवड्यात ऑफिसचा फोन माझ्याकडेच होता आणि मी तुम्हाला आधी कळवलं नाही. चूक माझी.

'विनाकारण' मात्र मान्य नाही. आमच्या मावशी, मामा, स्वयंपाकघरातल्या बायका अशा सगळ्यांची दर शनिवारी अँटिजन, म्हणजे जागच्या जागी निकाल देणारी झटपट चाचणी, होते, आमच्या खर्चाने. आजी-आजोबा उंबरा ओलांडत नाहीत. आजार आत येतो तो आमच्याच पायांनी. कुणाचा नवरा मंडईत गाळ्यावर बसतो, कुणाचा मुलगा पार्सलं पोचवतो. त्या शनिवारी सगळे निगेटिव्ह होते. मंगळवारी मजल्यावरच्या एका मावशींचा घसा धरला. अँटिजन पुन्हा निगेटिव्ह. पण लक्षणं असली की त्या निगेटिव्हवर भरवसा ठेवायचा नसतो, म्हणून त्यांना घरी पाठवून आरटी-पीसीआर केली. एप्रिलमध्ये लॅबा तुंबलेल्या. रिपोर्ट शुक्रवारी आला, पॉझिटिव्ह.

त्याच दिवशी मजल्यावरच्या सगळ्या आजींचे स्वॅब घेतले. ती पहिली चाचणी. लागण होऊन दोन-तीन दिवसच झाले असतील तर ती चाचणीत दिसेलच असं नाही, म्हणून पाच दिवसांनी दुसरी. ती केली नसती तर खोकला सुरू होईपर्यंत कुणालाच पत्ता लागला नसता, आणि तोवर सगळ्या एका टेबलावर जेवल्या असत्या. चाचणीने कोरोना अडत नाही, कुणाला वेगळं ठेवायचं ते वेळेत कळतं. बाकीच्या टेबलाला तेवढाच आधार होता.

तिसरी चाचणी करणं मात्र चुकलं. बरं झाल्यावर 'निगेटिव्ह बघूनच खोलीबाहेर' असा आमचा हट्ट होता. मेलेल्या विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे चाचणीत दिसू शकतात. एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नका, असं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने ४ मे रोजी सांगितलं, पण आम्ही त्याआधीच करून बसलो होतो. नाकातल्या काडीचा त्रास मला कळतो. स्वॅबवाला पीपीई किट घालून आला की निम्म्या आजी डोकं मागे घेतात. एक मावशी हनुवटी धरते, दुसरी 'झालं, झालं' म्हणत हात चोळते. तो त्रास आईंना एकदा जास्तीचा झाला, त्याबद्दल माफी मागतो.

तिसऱ्या चाचणीचे ८०० रुपये जूनच्या बिलातून वजा केलेत. यापुढे चाचणी ठरली की स्वॅब घेण्याआधी फोन येईल, मध्यरात्र असली तरी.

काचेआडची भेट आता बंद केली आहे. संध्याकाळी ५ ते ६ अंगणात खुर्च्या मांडतो. गेटवर अँटिजन होईल, आमच्या खर्चाने. १५ मिनिटं हाताशी ठेवून या.