बेतूलचं जेवण आणि मळीचा वास

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गोव्यातल्या बेतूलला झालेल्या इंडिया एनर्जी वीक या ऊर्जा परिषदेवर आणि उसापासूनच्या इथेनॉलवर मी लेख लिहिला, त्यावर तुमचे आक्षेप असे: उसाला पाणी फार लागतं, ई-२० नं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं, गाडीचं ॲव्हरेज पडतं, मी साल चुकलो, आणि ‘गोव्यात कंपन्यांच्या पैशानं जेवून आलेल्याला शेतकरी काय कळणार?’

साल चुकलंय, मान्य. ई-२० पेट्रोलची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये याच परिषदेच्या बंगळुरूच्या वर्षी झाली, २०२४ ला गोव्यात नव्हे. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता जेवण. कोल्हापुरातून रात्रीची एसटी धरून पणजीला उतरलो. खोलीचं भाडं माझं, पुढचा प्रवासही माझाच. दोन्ही दुपारी बायकोनं बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. हे सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. माहिती नसताना माणसाला विकलेला ठरवायचं, ही कुठली रीत?

आणि शेतकरी? माझे वडील एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, म्हणजे मळीपासून अल्कोहोल करतात तिथं, २६ वर्षं पाळीनं राबले. त्यांच्या शर्टाला मळीचा, साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाचा, असा आंबूस वास यायचा की आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची. त्याच कारखान्यानं एका वर्षी उसाचं बिल एवढं थकवलं की बहिणीचं लग्न पुढं ढकलावं लागलं. आमचा ऊस दीड एकर, त्यावरच सगळं. शेतकरी कळायला मला परिषदेला जावं लागत नाही.

इथेनॉलच्या पैशातून उसाचं बिल वेळेवर निघेल ही आशा, म्हणूनच ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. गाळप सुरू झालेलं, कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलऱ्या, आणि मध्येच हा हुकूम. आठवडाभरात, इथेनॉलकडे फार तर १७ लाख टन साखर वळवता येईल अशी मर्यादा घालून तो सैल केला, पण धास्ती बसायची ती बसलीच. धोरण असं एका रात्रीत फिरणार असेल तर बिलाचा भरवसा कोणी धरायचा? हाच प्रश्न घेऊन मी दोन महिन्यांनी बेतूलला गेलो. अर्धा लेख त्यावरच आहे. तो वाचलात का तुम्ही?

पाण्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी इथं शिरत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. ते मी कुठं नाकारलं?

वडील आता ७४ वर्षांचे आहेत, नजर अधू झालीये. लेखावरच्या प्रतिक्रिया मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. तुमचीही वाचली. ती एक ओळ तेवढी गाळली.